सुईसमोर शून्य

तळ्याची अर्धी फेरी झाली होती आणि धाकटीच्या चपलेचा अंगठा तोवर दोनदा निसटला होता. भाऊजी पुढे चालत होते. हातात कॅमेरा, त्याला लावलेली लांब लेन्स, पाठीवर त्या लेन्सची रिकामी पिशवी. ते तिच्या ताईचे यजमान. पस्तीस वर्षं पाखरांचे फोटो काढून त्यांनी घर चालवलं होतं. आजची फेरी शेवटची. फाटकाशी दातांचे डॉक्टर येणार होते, त्यांनी लेन्स विकत मागितली होती. त्यांना हौस होती आणि भाऊजींना आता काही नको होतं.

“भाऊजी, जरा दम धरा. मी काही पाखरू नाही.”

“पाखरू असतीस तर थांबलो असतो, मेहुणीबाई.”

थट्टा जुनीच होती, पण आवाजात जीव नव्हता. ताईला जाऊन तीन वर्षं झाली. तेव्हापासून ते सगळंच असं बोलत, भिंतीवरचं वेळापत्रक वाचून दाखवावं तसं.

त्यांची सुरुवात ओळखपत्राचे फोटो काढणाऱ्या दुकानात झाली. ‘हनुवटी वर, डोळे मिटू नका’ असं दिवसभर सांगून कंटाळले आणि एका रविवारी दुकानाचाच कॅमेरा घेऊन या तळ्यावर आले. छत्तीस फोटोंचा रोल. पस्तिसांत नुसतं गवत आलं. छत्तिसाव्यात मात्र एक तपकिरी पाखरू होतं, अंगठ्याएवढं. त्याचा आवाज इतका बारीक, की जाड कापडातून कुणी सुई ओढतंय असं वाटावं. पुस्तकात त्याचं नाव भलं मोठं आहे, घरात मात्र त्याला सुईच म्हणत. तो फोटो एका मासिकाच्या मुखपृष्ठावर छापून आला आणि भाऊजींनी नोकरी सोडली. त्यांचे वडील आठवडाभर त्यांच्याशी बोलले नाहीत.

ताई लग्न झाल्यापासून त्यांच्याबरोबर हिंडायची. कॅमेऱ्याचं तीन पायांचं स्टँड तिच्या खांद्यावर असायचं, कधी लेन्सही. म्हणून भाऊजींची सामान घेण्याची तऱ्हाच वेगळी होती. दुकानदार सांगायचा, ही लेन्स किती लांबचं ओढते, अंधारात कशी चालते. भाऊजी विचारायचे, “वजन किती?” मग लेन्स ताईच्या हातात द्यायचे. ती पाच मिनिटं धरून उभी राहायची. “अहो, ही नको, आपली मुलगी जन्मली तेव्हा हिच्यापेक्षा हलकी होती,” असं ती एकदा भर दुकानात म्हणाली होती. बरोबरीचे लोक तोफेसारख्या लेन्स घेऊन हिंडायचे. हे एक पायरी कमीची घ्यायचे आणि दहा पावलं जास्त जवळ जायचे. शेवटी कॅमेराही बिनआवाजाचा घेतला. फोटो निघताना खटका वाजत नाही, पाखरू दचकत नाही.

पण ताई गेली आणि पाखरंही गेली. निदान भाऊजी तसं म्हणायचे. दर वर्षी वन खात्यासाठी तळ्यावरच्या पाखरांची मोजणी तेच करायचे. तीन वर्षं त्यांनी सुईसमोर शून्य लिहिलं. खात्यानं उलटून विचारलंसुद्धा नाही. भाऊजींनी शून्य लिहिलं म्हणजे शून्य. “तळं मेलं,” आज सकाळी चहा पिताना ते म्हणाले होते. “आता लेन्सचं काय लोणचं घालू?” शेवटच्या फेरीला एकटे नकोत, एवढ्यासाठीच धाकटी आली होती.

लव्हाळ्यापाशी ती थांबली. “हीच ना हो सुई?”

“कुठे?”

“कुठे काय, सगळीकडे. मघापासून ओरडतेय.”

भाऊजी वळले. मान तिरकी करून उभे राहिले. लांबचा कावळा त्यांना ऐकू आला, रस्त्यावरचा ट्रक ऐकू आला.

“नाही,” ते म्हणाले.

“अहो, ती बघा ना. वाकलेल्या काडीवर.”

त्यांनी कॅमेरा डोळ्याला लावला, बटण अर्धं दाबलं. पीप-पीप. काडी हलली, पाखरू भुर्रकन उडालं.

“उडवलंत ना! आधी ती पिपी बंद करा.”

“कसली पिपी?”

“तुमच्या कॅमेऱ्याची.”

“याला आवाज नाही. म्हणून तर घेतला.”

“पुन्हा दाबा.”

त्यांनी दाबलं. पीप-पीप. धाकटी त्यांच्याकडे बघत होती आणि ते कॅमेऱ्याकडे. मग त्यांनी चष्मा वर सरकवला, मागच्या छोट्या पडद्यावर एकेक ओळ खाली नेली. नेम लागल्याची खूण: आवाज चालू. ताई गेली त्याच महिन्यात कॅमेरा दुरुस्तीला गेला होता. परत येताना आतलं सगळं नव्या कॅमेऱ्यासारखं होऊन आलं, बंद केलेला हा आवाजही चालू झाला, हे त्यांनी पाहिलंच नव्हतं. कानाला कळायला हवं होतं.

तीन वर्षं ते प्रत्येक पाखराला आधी वर्दी देत होते.

धाकटीला वाटलं, आता ते रडतील. ते रडले नाहीत. त्यांनी आवाज बंद केला, लेन्सवरची धूळ रुमालानं पुसली.

“तुझी ताई खांद्यावर बोटं ठेवायची,” ते म्हणाले. “दोन बोटं. मी वळायचो, तर पाखरू असायचंच. मला वाटायचं, मीच ऐकलं.”

धाकटीनं मनातल्या मनात देवाचं नाव घेतलं. त्याच्याकडे काही मागावं की त्याचे आभार मानावेत, हे तिला कळेना. नुसतं नाव घेतलं. लव्हाळ्यात तीन ठिकाणी सुया ओढल्या जात होत्या.

उरलेली अर्धी फेरी संपली. फाटकाशी डॉक्टरांची गाडी दिसली. डॉक्टर बाहेर उभे राहून चष्मा पुसत होते. भाऊजींनी पिशवी पाठीवरून काढली. आता लेन्स तिच्यात जाणार, असं धाकटीला वाटलं. पण त्यांनी ती रिकामीच घडी करून काखेत मारली.

“यांना नाही म्हणून सांगतो. मग खात्यात जाऊन तिन्ही शून्यं खोडून यायची. हसतील.”

“हसू देत. कान तपासून घ्या आधी.”

“घेतो.” ते दोन पावलं चालले आणि थांबले. तिच्याकडे न बघताच म्हणाले, “सकाळची येत जाशील? स्टँड मी उचलीन. तू फक्त आवाज आला की बोटं ठेव. बोलू नकोस मात्र.”