विश्रांतवाडी ते बुधवार पेठ, नऊ मिनिटांसाठी

यंदा ओळखीतले निम्मे लोक स्पितीला जाऊन आले. मी बुधवार पेठेत जाऊन आलो. विश्रांतवाडीत राहणाऱ्याला हा प्रवासही काही सोपा नाही, म्हणून सविस्तर लिहितोय.

निघायचं कारण ऑफिसचं. गेले दोन महिने माझं काम म्हणजे माझं काम एआयला शिकवणं. आमच्याकडे त्याला 'सहायक' म्हणतात. मी लिहिलेले जुने प्रोग्राम तो वाचतो, नको त्या ओळी काढतो आणि मला 'धन्यवाद' म्हणतो. त्या सकाळी त्याला एका मसाल्याच्या कारखान्याचा प्रोग्राम सापडला. तिथली पॅकिंगची लाइन दिवसातून दोनदा नऊ मिनिटं थांबते. शेजारी वीस वर्षांपूर्वीची माझीच टीप होती: 'का ते शेलारबाईंना विचारणे.'

मला काही म्हणजे काही आठवेना.

"सर, डेड कोड असणार, आता कुणालाच न लागणारा," आमची टीम लीड तन्वी फोनवर म्हणाली. "पाचपर्यंत रीझन टाका, नाहीतर सहायक डिलीट करेल. ऑटो-अप्रूव्ह आहे."

शेलारबाई त्या लाइनच्या सुपरवायझर होत्या, आता निवृत्त. त्यांचा लँडलाइन केव्हाच बंद पडला. घर मात्र ठाऊक होतं, कारण एकदा त्यांच्या गॅलरीतून विसर्जन मिरवणूक पाहिली होती. सहायकाला रस्ता विचारला, तर प्रत्यक्ष भेटीपेक्षा ईमेल अधिक कार्यक्षम ठरेल, असं तो म्हणाला. मी चपला घातल्या.

जाणाऱ्यांसाठी सूचना. गाडी नेऊ नका. पेठेत पार्किंग शोधणं हा वेगळा प्रवास आहे आणि तो मी पूर्वी केलेला आहे. येरवड्यापर्यंत रिक्षा, तिथून मेट्रो, जिल्हा न्यायालयाला गाडी बदलून मंडई. बदलताना सरकते जिने इतके खाली जातात की पाताळात आधार कार्ड दाखवावं लागेल असं वाटतं. वर आल्यावर भूक लागली तर मिसळ खा, पण लवकर. मी खाल्ली तिथे भिंतीवर पाटी होती: 'खाऊन झाल्यावर बसून राहणाऱ्यांकडून पुन्हा ऑर्डर घेतली जाईल.' कार्यक्षमता आमच्या ऑफिसने शोधली, हा माझा गैरसमज तिथेच दूर झाला.

शेलारबाईंचं घर दिव्यांच्या माळा विकणाऱ्या दुकानांवर, तिसऱ्या मजल्यावर. त्या तांदूळ निवडत बसल्या होत्या.

"अहो इंजिनियर, बारीक झालात."

"काम कमी झालंय."

"काम कमी झालं की माणूस जाड होतो. बसा. कशाला आलात?"

"तुमची नऊ मिनिटं काढून टाकताहेत."

त्यांनी ताट बाजूला ठेवलं. "अजून थांबते मशीन?"

मग त्यांनी सांगितलं. संडास गोदामाच्या पलीकडे, पार गेटपाशी. लाइन चालू असताना उठायचं नाही, हा मालकांचा नियम. बायका सकाळपासून पाणीच प्यायच्या नाहीत. "मी घड्याळ लावून चालून बघितलं. जायला चार, यायला चार."

"आणि उरलेलं एक?"

"तिथे काय नुसतं दर्शन घेऊन यायचं होतं?"

मशीन तापतं असं मालकांना सांगायचं, ही युक्ती बाईंची. ती प्रोग्राममध्ये बसवणारा पंचविशीतला इंजिनियर मी. माझ्या अख्ख्या नोकरीतलं बहुधा सगळ्यात चांगलं काम, आणि मी ते विसरलो होतो. लाज वाटली.

दुपारचा थांबा तीनचा, म्हणून तीन वाजून दोन मिनिटांनी बाईंनी फोन लावला, स्पीकरवर. आता त्या पॅकिंगच्या लाइनवर असलेल्या रेखाचा आवाज धापा टाकत आला. "बोला बाई लवकर, सातच मिन्टं राह्यलीत."

"संडास अजून तिथंच का गं?"

"तिथंच हाय. कुठं जातोय? का वो, मशीन थांबायचं बंद करणार हायेत का?"

"नाही," बाई माझ्याकडे बघत म्हणाल्या.

खरं कारण लिहू या का, असं मी विचारलं. "लिहा की. वीस वर्षं फसवलं म्हटल्यावर मालक संडास जवळ बांधतील की नऊ मिनिटं काढतील, तुम्हीच सांगा."

मी मोबाइलवर टाइप केलं: मोटर थंड होण्यासाठी. सहायकाचं उत्तर लगेच आलं: 'नोंदींनुसार ही मोटर कधीही तापलेली नाही.' बाईंना वाचून दाखवलं.

"तापेल कशी? नऊ मिनिटं थांबते ना ती."

तेच वाक्य मी जसंच्या तसं पाठवलं. 'स्पष्टीकरण ग्राह्य. थांबा कायम. धन्यवाद.' मग बाईंनी चहा टाकला.

सहाला घरी पोचलो. सहायकाचा निरोप वाट पाहत होता: आज आपण बराच वेळ निष्क्रिय होता, कारण नोंदवावे. ते नंतर बघू म्हटलं. आधी तो प्रोग्राम उघडला. कारणाच्या रकान्यात आता कायमचं खोटं आहे, खरं कुणाला विचारायचं ते फक्त त्या जुन्या टिपेत. पण बाईंचं वय झालं आहे. म्हणून खाली एक ओळ वाढवली: 'त्या नसतील तर मला विचारणे.' पुढे पत्ता लिहिला, तो घरचा. ऑफिसात मी आणखी किती दिवस असेन, ते सहायकालाच माहीत.