एकवीसचे वाटे

मी स्वयंपाकघराच्या दाराशी आलो की सूनबाईचं बोलणं बंद व्हायचं आणि मुलगा लगेच मोबाईलमध्ये डोकं घालायचा. दोन-तीन दिवस मी पाहिलं, काही बोललो नाही. पण सांवेरच्या तहसिलीत जमिनींच्या भानगडी बघण्यात ज्याचा जन्म गेला, त्याला असं गप्प होणं बरोबर कळतं. कोणी नुसता रामराम केला तरी माझ्या मनात पहिलं येतं, याचं काय काम असेल? बायको होती तेव्हा म्हणायची, तुम्ही देवाच्या तीर्थाचासुद्धा वास घेऊन बघाल. तर घरात काहीतरी काळंबेरं होतं, आणि ते माझ्याबद्दल होतं, एवढं नक्की.

कशावरून चाललंय, तेही ठाऊक होतं. सहावीतल्या नातीचं गणित मी घेतो. रोज संध्याकाळी, छत्रीबागेतल्या आमच्या घराच्या ओट्यावर, तासभर. नोकरी संपली, बायको गेली, आता दिवसभरात माझी वाट बघणारं माणूस म्हणजे ही पोरगी, तेही त्या एका तासापुरतं. आणि सूनबाईच्या डोक्यात ट्यूशन भरलेलं. गल्लीच्या तोंडाशी एका मॅडमनी क्लास काढलाय, एसी वगैरे लावून. मुलगा म्हणाला, "बाबा, या टेस्टमध्ये कसं होतंय ते बघू. चांगलं झालं तर तुम्हीच घ्या." बघू म्हणजे काय? तहसिलीत मी उभा जन्म लोकांना 'बघू' म्हणत आलो. त्याचा अर्थ मला कोणी शिकवायला नको.

टेस्ट प्राइम आणि कंपोझिटवर होती. आमच्या वेळी मूळ आणि संयुक्त म्हणायचे. गणपती तोंडावर आले होते, म्हणून मी त्याच्यावरूनच सोपं करून सांगितलं. म्हटलं, "हे बघ बेटा, जी संख्या फुटत नाही ती मूळ. जिचे सारखे वाटे होतात ती संयुक्त. बारा फुटतो, वीस फुटतो. म्हणून तर आपण दुर्वा वीस नाही, एकवीस वाहतो. वर एक टाकला की वाटे होत नाहीत. अकरा, एकवीस, एकावन्न, एकशे एक. सगळे शुभ आकडे असेच."

"सगळे प्राइम?"

"सगळे. डोळे मिटून लिही."

क्या बात है, माझं मलाच वाटलं. अशी युक्ती त्या एसीवाल्या मॅडमला सुचली असती का?

टेस्टचे नंबर आले त्या दिवसापासून घर बदललं. नात म्हणाली, "ठीक गेला पेपर," आणि चपला घालून पळाली. मुलाला विचारलं तर तो म्हणे, "थोडे कमी पडले बाबा, तिनेच घाई केली." घाई? माझी नात पोहेसुद्धा एकेक शेंगदाणा वेचून खाते, ती कसली घाई करतेय! मला वाटलं, पेपर तपासण्यातच घोळ आहे. मग वाटलं, शाळेतली मॅडम आणि ट्यूशनची मॅडम बहिणी-बहिणी तर नसतील? हसू नका, मी शेजारच्या भियाला विचारूनही आलो. नाहीत म्हणाला, पण तोही जरा जपूनच बोलला. त्यातून नातही बदलली. ओट्यावर बसली की "आजोबा, आज फ्रॅक्शन करू ना." प्राइमचं नाव काढलं की "वो तो हो गया, छोडो ना." झालं! म्हटलं, पोरीला फितवली.

चतुर्थीला सूनबाईने मोदक तळले आणि नैवेद्याचं ताट लावायला नातीला बसवलं. मी शेजारी दुर्वा निवडत होतो. तिने एका ओळीत सात मोदक मांडले, त्याखाली सात, त्याखाली सात. मी बघतोय हे लक्षात आलं मात्र, तिने झटकन ओळी मोडून मोदकांचा ढीग केला.

"का गं मोडलंस? चांगलं लावलं होतंस."

"असंच."

"असंच काही नसतं. परत लाव."

"नको ना, आजोबा."

"लाव म्हणतो ना!"

मी ओरडलोच. तिने मान खाली घालून परत मोदक मांडले. सात, सात, सात. माझ्या तोंडून आपसूक निघालं, "सात त्रिक एकवीस." आणि मी गारच पडलो. हा पाढा मला लहानपणापासून पाठ, आणि एकवीस दुर्वांच्या जुड्याही लहानपणापासूनच बांधतोय. पण आयुष्यभर मी फक्त दोन वाटे करून पाहिले होते. तीन करून बघायचं कधी सुचलंच नाही.

"आणि एकावन्न?" मी विचारलं.

"सतरा त्रिक," ती ताटाकडे बघत म्हणाली. "पण अकरा आणि एकशे एक बरोबर होते, आजोबा. सच में."

"आईला काय सांगितलंस?"

"घाईत चुकलं म्हणून. तुम्ही शिकवलं म्हटलं असतं तर लगेच ट्यूशन लागली असती. मी रोज त्यांना म्हणते, एक चान्स और द्या. ते दोघं तेच बोलत असतात. तुम्ही सांगू नका हं."

म्हणजे हे कारस्थान होतं! मी सगळ्या गल्लीवर संशय घेत फिरत होतो, आणि ही एवढीशी पोर स्वतःचे नंबर घालवून मला झाकत होती. मला भरून आलं. गप्प बसलो असतो तर ओट्यावरचा तास वाचला असता, आणि खरं सांगतो, बसावंसं वाटलं. पण पुढे लसावि येणार, मसावि येणार, सगळं याच्यावरच उभं. मी परत असाच छातीठोकपणे काहीतरी चुकीचं सांगणार, आणि ही परत तेच लिहून येणार.

मी उठून स्वयंपाकघरात गेलो. सूनबाई कढईपाशी होती.

"बेटा, एकवीस आणि एकावन्न तिला मीच चुकीचे शिकवले. तिने घाई नव्हती केली, माझ्यासाठी खोटं बोलली. सोमवारपासून ट्यूशनला घाल तिला."

सूनबाईने गॅस बंद केला. "बाबा, पण तिला तुमच्याकडेच बसायचंय."

"माहीत आहे. तरी घाल."

वळलो तर नात दारात ताट घेऊन उभी. तिने सगळं ऐकलं होतं.

"सांगू नका म्हटलं होतं मी," ती म्हणाली. "आता तुम्हाला कधीच काही सांगणार नाही."

आरतीला ती दरवर्षी माझ्याजवळ उभी राहते. या वेळी बापाच्या पलीकडे जाऊन उभी राहिली, आणि मी हाक मारली तरी तिने मान वळवली नाही.