पाण्यात ठेवलेला दगड

बहात्तरच्या उन्हाळ्यात मी पाथर्डी तालुक्यात गेलो तो एका पोस्टकार्डापायी. तिथल्या एका वस्तीवरच्या गुरुजींनी पुण्यातल्या आमच्या प्रयोगशाळेला लिहिलं होतं: ‘मोठा आवाज होऊन आभाळातून दगड पडला. कोळशासारखा आहे, वास येतो.’ मी तेव्हा पीएच.डी. करत होतो. ऑस्ट्रेलियात पडलेल्या अशाच काळ्या दगडात अमिनो आम्लं, म्हणजे जीव ज्यांतून घडतो त्यातली द्रव्यं, सापडल्याची बातमी ताजी होती. पृथ्वीबाहेर जीव आहे का, याचं उत्तर एसटीने जाऊन आणता येईल, असं मला खरंच वाटलं. माझे मार्गदर्शक सर म्हणाले, “कोरडा आण. एका बोटाचा घाम लागला तरी सगळं संपलं.”

पोस्टकार्ड टेबलाटेबलांवरून फिरून माझ्या हाती यायलाच तीन आठवडे लागले होते.

पहिला मुक्काम नगरला. स्टँडसमोर भजी खाल्ली, लॉजमध्ये आंघोळीला अर्धी बादली मिळाली. सकाळच्या गाडीने करंजी घाट ओलांडला. रस्त्याच्या दोन्ही बाजूंना दुष्काळी कामावरची माणसं खडी फोडत बसलेली, बायका, म्हातारे, सगळे. मंगळाचे नवे फोटो मी नुकतेच पाहिले होते. इथली जमीन त्याहून काही वेगळी दिसत नव्हती. आज जाणाऱ्यांना डांबरी रस्ता आणि हिरवी शेतं दिसतील. मला तो रस्ता तसा दिसत नाही, त्याला इलाज नाही.

पाथर्डीहून दोन तास चालत वस्तीवर पोहोचलो. गुरुजींनी मिलोची, म्हणजे रेशनवर मिळणाऱ्या अमेरिकन ज्वारीची तांबडी भाकरी आणि चटणी वाढली. ती घशाखाली उतरवायला पाणी मागायची मला लाज वाटली. मग ते मला भागाबाईंच्या दारात घेऊन गेले. दगड त्यांच्याच रानात पडला होता.

लिंबाखाली मोठं घंगाळ होतं आणि दगड त्यात बुडवून ठेवला होता. शेंदूर फासलेला, हळदीने पिवळा झालेला. पाऊस पडावा म्हणून देव पाण्यात ठेवतात हे मी ऐकलं होतं, पाहिलं नव्हतं. नदीच्या पात्रात खड्डा खणून वाटीवाटीने भरलेलं पाणी, त्यातला एकेक तांब्या प्रत्येक घर रोज इथे ओतत होतं. दगड विरघळून पाणी काळं झालं होतं.

“हे काय केलंत तुम्ही!” मी ओरडलोच.

“वरून आलाय,” भागाबाई शांतपणे म्हणाल्या. “पाऊस पडंस्तोवर काढायचा न्हाई.”

“आजी, दगडाने पाऊस पडत नसतो.”

“मग तुमी कशापायी आलाव येवढ्या लांब त्याच्यासाठी?”

गुरुजी हसले. मी मात्र हट्टाला पेटलो. दुसऱ्या ग्रहांवर जीव असेल, तर या दगडातून कळेल, असं सांगत राहिलो. त्यांनी सगळं ऐकून घेतलं.

“तिकडं बी जीव हाय म्हंता? मग त्यास्नी पानी कुठनं?”

“तेच तर शोधायचंय.”

मी म्हणालो, “पंधरा दिवसांत परत आणून देतो.” शब्द देताना मला काहीच जड गेलं नाही.

“पान्यातूनच न्या,” त्या म्हणाल्या, “कोरडा पडू देऊ नका त्याला.” आणि माझ्या काचेच्या बरणीत दगडाबरोबर त्यांनी घरातल्या हंड्यातलं चांगलं पाणी ओतलं. मी नको म्हणालो नाही.

पुण्यात सरांनी बरणी उघडून वास घेतला, थेंब सूक्ष्मदर्शकाखाली ठेवला. “अभिनंदन. जीव सापडला,” ते म्हणाले. “सगळा पाथर्डी तालुक्यातला. फेकून दे.”

फेकली नाही, पण परतही नेली नाही. काय तोंडाने जाणार होतो? जून गेला, जुलै गेला, पाऊस आला नाही. दर आठवड्याला जायचं ठरवायचो. शेवटी दिवाळीनंतर बरणी पिशवीत घालून गेलो.

वस्तीवर कुत्रंसुद्धा नव्हतं. ऊसतोडीला दरवर्षीच जातात, पण यंदा दारांच्या चौकटीही काढून नेल्या होत्या. शाळेला कुलूप लावून गुरुजी निघतच होते.

“येणार नाहीत आता,” ते म्हणाले. “तुमची लई वाट पाहिली म्हातारीनं. रोज एक तांब्या वतायची त्या रिकाम्या घंगाळात. लोक हसायचे. म्हनायची, त्यो आनून देनार हाय, जागा कोरडी नको.”

घंगाळ लिंबाखाली तसंच होतं. दगड त्यात ठेवून यायला हवं होतं. पण ठेवणार कुणासाठी? मी बरणी घेऊन परतलो. भागाबाई कुठे गेल्या, जगल्या की नाही, मला कधीच कळलं नाही.

पाऊस माझ्यामुळे अडला नव्हता, हे मला कळतं. त्याने काही हलकं होत नाही. बरणी अजून माझ्या कपाटात आहे. अमक्या दूरच्या ग्रहावर पाणी असण्याची शक्यता, अशी बातमी पेपरात आली की नातवंडं मला वाचून दाखवतात. मी ऐकतो, उठतो, आणि बरणीतलं पाणी कमी झालं असेल तर तेवढं भरून ठेवतो.