कॅसेटमधला लाल रस्सा

सौदीतल्या यान्बूला एका कोरियन कंपनीच्या कॅम्पात मी चार वर्षं दुय्यम आचारी होतो. रत्नागिरीकडे लग्नाच्या जेवणांत देगी उतरवलेला माणूस मी. कोरिया नकाशात कुठे आहे तेही ठाऊक नव्हतं. मुख्य आचारी त्यांचाच, पन्नाशीचा, कमी बोलणारा. त्याने मला स्वयंपाक शिकवला तो मात्र टीव्हीवरून.

कामगारांच्या घरून व्हिडिओ कॅसेटी यायच्या. टीव्हीवरच्या मालिका, मधल्या साबणाच्या जाहिरातींसकट उतरवलेल्या. शुक्रवारी जेवण झालं की सगळे मेसमध्येच त्या बघत बसत. मालिकेत कुणी काळ्या रश्शातल्या शेवया ओरपल्या की दुसऱ्या दिवशी सगळ्यांना त्याच हव्या. एखाद्या आईने सहलीला निघालेल्या मुलीसाठी भात समुद्रशेवाळाच्या कागदात गुंडाळला, की मी सकाळपासून तेच गुंडाळतोय. मला भाषा कळायची नाही, म्हणून मी गोष्टीऐवजी ताटं बघायचो.

इराकने कुवेत घेतलं आणि पुढचे महिने धास्तीत गेले. लढाईला तोंड फुटायच्या थोडं आधी कंपनीने निम्म्याहून जास्त माणसं बसने जेद्दाला आणि तिथून मायदेशी पाठवली. मुख्य आचारीही गेला. जाताना त्याने मला आपली सुरी दिली आणि म्हणाला, "तू करशील." कारखाना चालू ठेवायला चाळीसेक माणसं मागे राहिली, आणि त्यांना जेवू घालायला मी.

यान्बूवर काही पडलं नाही. पण रेडिओवर रियाधवर क्षेपणास्त्र पडल्याची बातमी आली की आमचे हात थांबायचे. खिडक्यांना चिकटपट्ट्या लावल्या होत्या. विमानं बंद होती.

त्यातच एका वेल्डरची आई वारली. हा माणूस चाळिशीचा, हातांवर ठिणग्यांचे डाग. मी त्याला त्यांच्या शब्दात 'ह्योंग' म्हणायचो, म्हणजे थोरला भाऊ. ऑफिसात फॅक्स आला तो मृत्यूनंतर दोन दिवसांनी. साहेबाने हात वर केले, म्हणाला, पासपोर्ट तयार आहे, देश सोडायचा एक्झिटचा शिक्का आजच मारून आणतो, पण विमान कुठून आणू? ह्योंग ऑफिसातून सरळ माझ्या स्वयंपाकघरात आला.

"सूप करशील? लाल. आईसाठी," तो मोडक्या इंग्रजीत म्हणाला. "सगळ्यांना वाढायचं."

आमच्याकडे मयताच्या घरी तीन दिवस चूल पेटत नाही; शेजारीपाजारी जेवण पोचवतात. हा दुःखात बुडालेला माणूस उलट दुसऱ्यांना जेवू घालू म्हणत होता. माझा चेहरा बघून त्याने समजावलं, "आमच्यात येणाऱ्याला वाढतात. नाही वाढलं तर आई उपाशी माणसं सोडून गेली, असं होतं."

ते सूप मी एकदाच नीट बघितलं होतं. एका मालिकेत म्हातारी मरते आणि चटयांवर बसलेली माणसं वाडग्यातून काहीतरी लालभडक जेवतात, त्या प्रसंगात. मुख्य आचाऱ्याने ते नंतर केलं होतं, पण मी तेव्हा भांडी आवरत होतो.

दुपारी आम्ही दोघांनी ती कॅसेट शोधून लावली. तो प्रसंग आला तसा मी पॉजचं बटण दाबलं. चित्र थरथरत थांबलं, मधून पांढऱ्या रेघा. ह्योंग गुडघ्यांवर बसून पडद्यावर बोट ठेवून सांगू लागला. "मांस. कापायचं नाही, हाताने पिंजायचं. कांद्याची पात. हे देठ, डोंगरातले, वाळवलेले." ते देठ आमच्याकडे नव्हते. त्यांची मिरचीपूडही संपलेली, बोटी येत नव्हत्या.

"पुढे घे," तो म्हणाला. मी पॉज सोडला. पुढच्याच क्षणी पडद्यावर काळी फीत लावलेला म्हातारीचा फोटो आला. ह्योंगचं बोट तिथेच राहिलं. मग त्याने कपाळ टीव्हीच्या काचेला टेकवलं आणि त्याचे खांदे हलू लागले. मालिका चालूच होती, माणसं जेवत होती. टीव्ही बंद करावा की राहू द्यावा, मला कळेना. त्याच्या पाठीवर हात ठेवायचं धैर्यही झालं नाही. त्यांच्या भाषेत मला मीठ, भात, पुरे, गरम एवढंच येत होतं.

दुसऱ्या दिवशी मी ते सूप केलं. डोंगरी देठांच्या जागी पालकाचे देठ, त्यांच्या मिरचीऐवजी बाजारातल्या केरळी दुकानातली आपली मिरची. बीफ उकळून तासभर हाताने पिंजलं. रंग हुबेहूब आला. मग चव घेतली. ती कोकणातली चव होती.

ह्योंग पांढरा शर्ट घालून मेसच्या दाराशी उभा राहिला. येणाऱ्या प्रत्येकाला वाकून नमस्कार करत होता. सगळे जेवले, तिखटाने नाकं पुसत. त्याने शेवटी स्वतःचा वाडगा घेतला आणि एक चमचा तोंडात घातला.

"तसं नाही झालं ना?" मी विचारलं.

"नाही," तो म्हणाला. पण माझ्याकडे बघून त्याने मान डोलावली आणि वाडगा रिकामा केला.

काही आठवड्यांनी विमानं सुरू झाली. साहेबाने त्याला बोलावून तिकीट पुढे केलं. मी तिथे चहा घेऊन गेलो होतो. ह्योंगने तिकिटाला हात लावला नाही.

"आता कशाला? खलास," तो म्हणाला, आणि हेल्मेट उचलून कामावर गेला.

संध्याकाळी जेवायला आला तेव्हा मी त्याला भात जरा जास्त वाढला. त्याने हाताने खूण केली, पुरे.