लग्नाच्या फोटोची काच

वाणगावच्या बाजारात वावडी उठली होती, की ओव्हरसियर श्यामकांत सावे यांनी गंजाडच्या शाळेखालच्या भुताला सिमेंट पाजलं आणि भुतानं ते बुधीबाईच्या मिरच्यांत ओकलं.

भूत खोटं. ओकणं मात्र खरं.

शाळेची एकुलती एक खोली चिकणमातीवर उभी. पावसात माती फुगायची, उन्हाळ्यात आकसून भेगाळायची, आणि तिच्या तालावर भिंत उठाबशा काढायची. नव्वद सालच्या उन्हाळ्यात वरून निरोप आला, दसऱ्यापर्यंत भिंतीची भेग वाढली तर खोली पाडा, पोरांना ओढ्यापलीकडच्या शाळेत धाडा. पावसाळ्यात तो ओढा धडधाकट बाप्यालाही दाद देत नसे. पोरं घरीच बसणार, हे सगळ्यांना ठाऊक. गंजाडच्या या खोलीत शिकवणाऱ्या मनोरमाबाई म्हणजे श्यामकांतांची बायको. डहाणूच्या क्वार्टरमध्ये त्या तक्रार करत नव्हत्या, नुसती तांदूळ निवडता निवडता पोरांची नावं पुटपुटायच्या. ते ऐकून श्यामकांतांनी भिंत सावरायचं काम अंगावर घेतलं.

एरवी ते बोलायचे थांबत थांबत. "म्हणजे... कसं आहे ना... जमिनीला विचारायला हवं." तेवढ्यात समोरच्याचा चहा संपायचा.

पण गंजाडला पहिल्या दिवशी ते थांबलेच नाहीत. सगळी नोकरी खाडीकाठी गेलेली. तिथल्या भरड रेतीत नळीनं सिमेंटचं पाणी सोडलं, की रेती दाण्यादाण्यांतून गटागटा पिते आणि दगड होऊन बसते. इथेही तेच करू म्हणाले. पंप सुरू झाला, दाबाचा काटा चढला, पण माती घोटभरही घेईना.

पंपवाले देवजीभाई ओरडले, "साहेब, दाब वधारो! इंजेक्शन छे, एमां गभरावानुं शुं?"

"वाढवा," श्यामकांत म्हणाले.

काटा धाडकन खाली आला. प्यायली, प्यायली, म्हणून सगळे खूश. इतक्यात वर्गातली जमीन पापडासारखी फुगली आणि कुंपणापलीकडून बुधीबाईची हाक आली, "सायब, इकडं ये! माझे मिरचीला काय पाजलास?"

वाफ्यातून करडा चिखल बुडबुडत होता.

श्यामकांत तिथेच उकिडवे बसले. चिकणमातीचे कण इतके बारीक, इतके एकमेकांना बिलगलेले, की सिमेंटच्या कणाला आत शिरायला वाटच नाही. ती पीत नाही. फार दाबलं की फाटते, आणि फट नेईल तिकडून सगळं बाहेर पडतं. भिंतीची भेग आता बोटभर रुंद झाली होती. त्यांच्या एका शब्दानं.

बुधीबाईनं त्यांच्यापुढे पेजेचा वाडगा ठेवला. "खा. मिरची गेली, बी हाय घरात."

मग काम बदललं. मे महिन्यात, भेगा उघड्या असताना, चुन्याचं पातळ पाणी सोडायचं, अगदी हलक्या दाबानं. काटा जरा चढला की पंप बंद, आणि मग काही दिवस गप्प. चुना फटीफटीतून पसरतो, हळूहळू मातीत मुरतो. मुरलेली माती पावसात पहिल्यासारखी फुगत नाही. देवजीभाई खाटेवर आडवे होऊन विचारायचे, "साहेब, हा पंप छे की पाळणा?"

शेवटी भेग लिंपली आणि तिच्यावर काचेची पट्टी आडवी चिकटवली. भिंत केसभर हलली तरी काच तडकणार. काच मनोरमाबाईंनी दिली, लग्नाच्या फोटोची. "फोटो काय, उघडाही दिसतो," म्हणाल्या.

डहाणूला त्यांच्या शेजारच्या क्वार्टरमध्ये मी राहायचे. श्यामकांतकाकांची नक्कल माझ्याइतकी कुणाला जमत नसे, त्यांच्या पाठीमागे अर्थात. मी म्हटलं, "काका, आषाढातच फुटणार काच. लावा पैज!"

"म्हणजे... हरलीस तर... माझी नक्कल माझ्यासमोर."

दसऱ्याला, पाटीपूजनाच्या दिवशी, आम्ही सगळे गंजाडला गेलो. काचेवर पोरांच्या बोटांचे ठसे होते, तडा नव्हता. मनोरमाबाई एकेक नाव पुकारत होत्या, गरजेपेक्षा मोठ्यानं, आणि पोरं "हजर" म्हणून किंचाळत होती.

मी पुढे झाले. चष्मा नाकाच्या टोकावर, हात पाठीशी. "म्हणजे कसं आहे ना, जमिनीला विचारायला हवं!" पोरं गडबडा लोळली. बुधीबाई पदरानं डोळे पुसत हसत होती.

काकांनी बराच विचार केला.

"छान. फक्त... 'म्हणजे'नंतर... जरा थांबायचं असतं."

मी पुन्हा केली. थांबून.