धर्मा आज्याच्या बांधाकडे

वैशाख अमावास्येला आमच्या घरात कुणी मीठ खात नाही. माझ्या वडिलांचा, म्हणजे आबांचा, आजा धर्मा त्या दिवशी उरणकडच्या मिठागराचा बांध वाचवताना गेला, म्हणून सगळा स्वयंपाक अळणी. बायको लग्न होऊन आली तेव्हा म्हणाली होती, "मिठागरवाल्यांच्या घरातच मीठ नाही!"

यंदा आबा म्हणाले, "एक डोला गेला. दुसरा जायच्या आत आज्याचा बांध दाखव." मी कोपरखैरण्यातलं टाइल्सचं दुकान बंद ठेवलं आणि अमावास्येलाच गाडी काढली.

उरणला जाणार असाल तर सकाळी लवकर निघा, नंतर कंटेनरचे ट्रेलर रस्ता सोडत नाहीत. पाम बीच रोड, बेलापूर, उलवे. तिथवर रस्ता झकास. आबा वाटभर आज्याची गोष्ट सांगत होते. उधाण चढलं, बांधाला खांड पडली, आजा त्या खांडीत उभा राहून चिखल भरत राहिला. बांध वाचला, आजा गेला. शंभरदा ऐकलीय. दर वेळी सांगताना आबांची पाठ ताठ होते.

जासईला चहा घेतला. वडापाव बरा दिसला, पण मीठ असतं म्हणून सोडला. चहावाल्याला मिठागराचा रस्ता विचारला, तर तो हसला. "काका, तिथं आता यार्ड हाय. मीठ दुकानात भेटतं."

खरंच यार्ड होतं. पत्र्याचं कुंपण, आत एकावर एक कंटेनर. बांध कुठे, खाडी कुठे, काही कळेना. वॉचमन म्हणाला, "बाबूजी, अंदर अलाउड नहीं."

"तुजा मालक यायच्या आदीपासून आमचा मानूस आत हाय," आबा म्हणाले. वॉचमनला काही कळलं नाही. त्याने प्यायला पाणी मात्र दिलं.

जवळच्या गावात आबांची चुलत आत्या राहते, जनाबाई. धर्मा आज्याच्या सख्ख्या भावाची मुलगी, वय नव्वदीपार, कान तिखट. तिच्या सुनेने बोंबलाचं कालवण वाढलं. आबांनी ताट सरकवलं.

"आजूनपन अलनी?" आत्या म्हणाली. "कोनासाठी रं?"

"आज्यासाठी. बांध वाचवला त्यानं."

"बांध कवा वाचला? बांध तर गेला." आत्या सहज बोलली, जणू आम्हाला ठाऊकच असणार. "उधान आला तवा मिठाच्या राशी बांधावर व्हत्या. रास इरघलली तं सगल्या गावाचा वरीस गेला आसता. सगली टोपल्या घेऊन राशीवर धावली. धर्मा कंबरेपर्यंत चिखलात रुतलेला, हाका मारीत व्हता. माजा बापूसपन टोपलीच उचलीत व्हता. मरताना त्यानंच सांगला मला. 'आदी रास, मंग भाऊस,' आसा वाटला त्याला. मंग भाऊस व्हताच कुठं?"

आत्याने ताट पुन्हा आबांपुढे सरकवलं.

"तुजी आजी बोलली, ज्या मिठानं माजा मानूस खाल्ला, ता मीठ आज तोंडात घालाची नाय. राग व्हता तिचा, बाबा. तुमी त्याचा उपास केला."

आबांनी विचारलं, "हाका मारीत होता?"

"लय येल मारीत व्हता," आत्या म्हणाली.

निघताना ती दारापर्यंत आली, आबांच्या तोंडावरून हात फिरवून म्हणाली, "मी बोलाया नको व्हता." आबा वाकून तिच्या पाया पडले. परतताना मी विचारलं, पुन्हा कुंपणापाशी थांबू का? ते म्हणाले, "सरल चल."

तुम्हाला सल्ला म्हणून सांगतो, घरातल्या म्हाताऱ्यांना घेऊन मूळ गावी नक्की जा, असं मी एरवी लिहिलं असतं. आता लिहवत नाही. मी धंदेवाला माणूस. वाईट बातमीतूनही काहीतरी काढतो. यातून काही निघालं नाही. राशीवर धावलेल्यांत मीही असतो, एवढंच कळलं.

परवा माझ्या मुलीने आबांना म्हटलं, "तुमच्या आज्याची ती बांधाची गोष्ट सांगा ना."

"आठवत नाय गं," आबा म्हणाले आणि भिंतीकडे तोंड करून आडवे झाले.