संगत कोन

"तुमी बांधावरच थांबा, मॅडम. पोरं जाऊ द्या आत."

तात्या हे म्हणाले तेव्हा माझा एक पाय शेतात होता. चपला काढून झाल्या होत्या. मी पाय मागं घेतला.

नववीचा वर्ग घेऊन मी आले होते. आमच्या शाळेच्या कुंपणाला लागून तात्यांचं रान आहे. उसाच्या लागणीसाठी त्यांनी नुकत्याच सऱ्या पाडल्या होत्या. लांबच लांब, सरळ, सारख्या अंतरावर. आणि त्या सगळ्यांना तिरका कापत जाणारा पाण्याचा पाट. शाळेच्या जिन्यावरून मी ते रोज बघत होते. समांतर रेषा आणि त्यांची छेदिका. फळ्यावर काढून जे पोरांच्या डोक्यात जात नाही, ते इथं जमिनीवर काढून ठेवलेलं होतं. आदल्या दिवशी तात्यांना विचारलं. "या की," म्हणाले, "लागण परवा हाय. रान मोकळंच हाय."

विज्ञानाच्या मॅडम सोबत होत्या. त्यांना तात्या म्हणाले, "ताई, तुमी या. चपला तेवढ्या काढा."

मग माझ्याकडं वळून, आवाज उतरवून, जवळजवळ मायेनं म्हणाले, "सकाळीच नारळ फोडलाय रानात. आमची म्हातारी मानती जरा. तुमाला तर समजतंयच."

मला समजत होतं. आमच्या आजोबांनी धर्म बदलला. वडिलांनी पोस्टात नोकरी केली. मी गणितात एम.एस्सी. केलं, बारामतीत घर बांधलं. हे सगळं तात्यांना माहीत होतं. आणि तरी मी कोण, हेही माहीत होतं.

विज्ञानाच्या मॅडमनी खाली बघत चपला काढल्या आणि आत गेल्या.

मी हिशेब केला. भांडत बसले तर तास जाईल. धडा राहील. मी कामाची बाई आहे. बांधावरून ओरडूनही शिकवता येतं. हातातला लाकडी कोनमापक मी एका पोराकडं दिला आणि ओरडायला लागले.

"पाट सरीला कापतो तिथं कोन किती होतात?"

"चार!"

"वरच्या अंगाचा, उजव्या हाताचा मोजा. मग पुढच्या सरीवर जा, तिथंही वरचा उजवाच मोजा."

पोरं वरंब्यावरून उड्या मारत पळाली. कोनमापकावरून ओढाओढ झाली.

"मॅडम, सत्तर आलं!"

"हितं पन सत्तर!"

"मॅडम, तात्यांनी पाट तिरका काढलाय. सरळ काढला असता तर सगळीकडं नव्वद आलं असतं, मोजायचं कामच नव्हतं."

"आरं उताराला पानी जातंय," तात्या तिकडून ओरडले, "तुज्या पुस्तकाला न्हाय जात."

सगळे हसले. मीही हसले. हे लिहिताना हात अडतो, पण हसले.

तेवढ्यात प्रज्ञा मागं आली.

प्रज्ञा नववीतली. आमच्याच समाजातली. तिचे वडील तात्यांचा ट्रॅक्टर चालवतात. वर्गात सगळ्यांच्या आधी हात वर करणारी आणि उत्तर चुकलं तरी हात खाली न घेणारी पोरगी. ती पार चौथ्या सरीपर्यंत गेली होती. तिला कुणीही अडवलं नव्हतं. तात्यांनी तिच्याकडं पाहिलंसुद्धा नव्हतं. तिनं मात्र मला पाहिलं. बांधावर एकटी, चपला हातात. ती वळली. वरंबे ओलांडत आली आणि माझ्याशेजारी उभी राहिली.

"काय गं? मोजून झालं?"

"न्हाय मॅडम. तुमी एकट्याच हाय ना. मी हाय तुमच्या संगतीला."

हसून म्हणाली. पोरीला वाटलं, ती मला सोबत देतेय.

मघापासून मी तोच शब्द ओरडत होते. संगत कोन. संगत कोन समान असतात. पहिल्या सरीला जेवढा, तेवढाच दुसरीला, तेवढाच शेवटच्या सरीला. रेषा समांतर आहेत तोवर यात फरक पडत नाही. माझी आई विहिरीच्या काठापासून लांब उभी राहायची, कुणीतरी वरून पाणी ओतेल म्हणून. मी बांधावर उभी. आणि माझ्याकडं बघून, कुणी न सांगता, ही चौदा वर्षांची पोर. तोच कोन. एका अंशाचाही फरक नाही.

आईला उभं केलं होतं. मला उभं केलं होतं. हिला कुणी केलं नव्हतं. ही माझ्याकडून शिकली. मघाशी मी जो धडा दिला, तो वर्गात हिला एकटीलाच समजला होता.

मी चपला खाली टाकल्या. तिचा हात धरला आणि शेतात उतरले.

"मॅडम," तात्या म्हणाले. "सांगितलं ना तुमाला."

"ऐकलं, तात्या."

"मग?"

"कोन लांबून दिसत नाही. जवळ जाऊन मोजावा लागतो."

मी पाटापाशी गेले. वाकले. पोराच्या हातातून कोनमापक घेतला आणि प्रज्ञाला म्हटलं, "शून्य सरीवर ठेव. आता वाच."

तात्या ओरडले नाहीत. शिवी दिली नाही. त्यांनी फक्त पोरांना हाक मारली. "चला रे, भायेर या समदी. झालं शिकून."

पोरं माझ्याकडं बघायला लागली. मी म्हटलं, "थांबा. तास संपलेला नाही."

आधी एक निघाला. मग दोघी. तात्यांच्या भावकीतली पोरं निघाली, मग बाकीची. मघाशी नव्वदचा विनोद करणारा पोरगा एका जागी पाय घासत उभा होता. तात्या म्हणाले, "तुला येगळं सांगू का?" तोही गेला. विज्ञानाच्या मॅडमनी बांधावर पोरांची ओळ केली आणि शाळेकडं नेली. त्यांनी मागं वळून पाहिलं नाही.

एवढ्या मोठ्या रानात आम्ही दोघी.

"सत्तर," प्रज्ञा म्हणाली. आवाज बारीक झाला होता.

दुसऱ्या दिवशी लागण होती. आदल्या रात्रीच उसाचं बेणं येऊन पडलं होतं. सकाळी ट्रॅक्टर आला. माझा नववीवर तास होता, त्या वर्गाच्या खिडक्या रानाकडं उघडतात. ट्रॅक्टरच्या मागं फण होता. तो रानात शिरला आणि सऱ्या मोडायला लागला. पाडलेल्या, सरळ, चांगल्या सऱ्या. एका कडेनं सगळं रान फणून सपाट करत गेला.

"मॅडम, आज तर लागण हाय ना? मग मोडत्यात कशाला?" एकानं विचारलं.

शेजारच्यानं त्याला कोपर मारलं. पोरांना कळत होतं.

प्रज्ञा खिडकीपाशी बसते. तिनं बाहेर पाहिलं आणि तोंड फिरवलं. मला म्हणाली, "मॅडम, आमचं पप्पा हायत."

ट्रॅक्टरवर तिचे वडील होते. लेकीची पावलं उमटलेलं रान बापानं फणून काढलं. शाळेकडं एकदाही मान वळवली नाही. मग फण सोडून सरीचं अवजार जोडलं आणि त्याच रानात पुन्हा सऱ्या पाडल्या. पहिल्यासारख्याच, सरळ. तात्यांनी गावात सांगितलं की पोरांनी वरंबे तुडवले होते.

मी खडू खाली ठेवला नाही. तास पूर्ण केला. काय शिकवलं ते आठवत नाही.

संध्याकाळी मी स्कूटी काढत होते तेव्हा प्रज्ञाचे वडील फाटकापाशी उभे होते. अंगावर धूळ तशीच.

"मॅडम, मालकानं सांगितलं, म्या फण फिरवला."

"मी तुम्हाला काही म्हटलं का?"

"तुमी कशाला म्हनाल. तुमचा पगार एक तारखेला हुतोयच. माज्या पोरीला कशाला न्हेली आत वडून?"

"ती आतच होती. मला बघून बाहेर आली."

"मग आली हुती ती बरी हुती की! हुभी राहिली असती तुमच्या शेजारी. काय झिजलं असतं?"

मी स्कूटी स्टँडवर लावली. त्या माणसानं दिवसभर काय केलं होतं ते मी पाहिलं होतं. त्याच्याशी वाद घालायचा हक्क मला नव्हता. तो खाली बघत म्हणाला, "रातीपासनं जेवली न्हाय पोरगी. माज्याशी बोलत न्हाय."

आठवड्याभरात प्रज्ञाचा दाखला गेला. मामा डाळजला असतो, तिकडच्या शाळेत घालणार. तिला न्यायला मामा मोटरसायकल घेऊन आला, तेव्हा मी जिन्यात होते. मी हाक मारली. तिनं ऐकलं. पाठीवरचं दप्तर नीट केलं आणि मागं बसली. माझ्यावर चिडली होती, की बापाची लाज वाटत होती, की मी हाक मारते म्हणजे आता आणखी काहीतरी होईल याची भीती, मला माहीत नाही. तेवढं विचारायला मिळालं असतं तर पुरे होतं.

त्या रिकाम्या बाकाकडं बघून शिकवणं मला जमेना. घरी भाकरी थापताना हात थांबायचा. मी रडणारी बाई नाही. नवऱ्यानं विचारलं, काय झालं, तर म्हटलं, कांदा चिरला. ताटात कांदा नव्हता.

त्या बाकासमोर उभं राहणंही फार दिवस चाललं नाही. मुख्याध्यापकांनी बोलावून सांगितलं की नववीचं गणित दुसऱ्या सरांकडं दिलंय.

"ताण कमी करतोय तुमचा," ते म्हणाले. "आणि हे बघा, माफी मागा असं कुणी म्हणत नाही. तात्यांच्या घरी जाऊन म्हातारीला नुसतं भेटून या. चहा घ्या."

"चहा देतील?"

ते हसले नाहीत. "मॅडम, शाळेला मैदानाची जागा त्यांनी दिलीय. शिवाय यात जातीचं काही नव्हतंच. रीत असते एकेका घरची."

"मग विज्ञानाच्या मॅडमना ती रीत का नव्हती?"

"हे असं लावून धरायचं नसतं. आता काय ॲट्रॉसिटी घालणार का तात्यांवर?" आणि मग समोरची फाईल मिटत, "रिटायरमेंटला किती वर्षं राहिलीत तुमची?"

इतके दिवस मला वाटत होतं, प्रज्ञा गेली ती माझ्यामुळं. मी बांधावरच थांबले असते तर ती आज वर्गात असती. हे खरं आहे. ते माझ्या छातीतून जाणार नाही. पण ती वर्गात राहिली असती आणि सबंध आयुष्य स्वतःहून मागं सरत राहिली असती, हेही खरं आहे. पोरीला गाव सोडावं लागलं. तात्यांना बांधसुद्धा सोडावा लागला नाही. आणि चहाला जायचं मी.

"भरपूर राहिलीत, सर," मी म्हटलं. खुर्ची ओढून बसले.

"म्हणजे?"

"म्हणजे मी कुठं जात नाही. चहालाही नाही. तक्रार मी माझ्या नावानं करणार आहे. पोरीचं नाव त्यात येणार नाही, तिच्या वडिलांचं येणार नाही. रानात मला अडवलं, तेवढं लिहीन. साक्षीला कुणी आलं तर आलं."

"मॅडम, शांत व्हा जरा."

"शांतच आहे. नववीचं गणित माझ्याकडून काढलंत, त्याचं कारण लिहून द्या."

"आता लगेच?"

"लगेच. ताण वगैरे नको. खरं कारण. तुमच्या अक्षरात."

त्यांनी घंटा दाबली, शिपायाला बोलावलं, पुन्हा पाठवलं. फोन उचलला, ठेवला. पुढच्या तासाची घंटा झाली. मी उठले नाही.